हाक कोणाची?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या वसईच्या वाडीत लहानपणी रोज संध्याकाळी एक प्रकार चालायचा. आम्ही पोरं केळीच्या बागांमधून कुठेतरी हुंदडत असायचो. चर्चची सांजेची घंटा झाली, की घराघरांतून आया हाका मारायला लागायच्या. दहा-बारा घरं, दहा-बारा आया, आणि निम्म्या पोरांची नावं सारखीच. कारण नावं ठेवायची ती संतांवरून आणि संतही ठरलेले! एका नावाची चार-चार पोरं असायची. तरीसुद्धा कधी गोंधळ झाला नाही. नाव तेच, पण आपली आई कोणती ते प्रत्येकाला बरोबर कळायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. रोज ऐकून ऐकून कान तयार झाला होता.

आज मला बोलायचं आहे ते देवाची हाक ऐकायला शिकण्याविषयी. हा विषय आकाशवाणीवर मांडायचा म्हणजे जरा गंमतच आहे. पुराणातली आकाशवाणी कशी अगदी स्पष्ट शब्दांत व्हायची! कंसासारख्यालाही ती ऐकू गेली आणि तिचा अर्थही कळला. आपल्यासारख्या माणसांच्या वाट्याला असं काही येत नाही. आपल्याला एकाच वेळी पुष्कळ आवाज ऐकू येतात आणि त्यातला देवाचा कोणता, हे ठरवता ठरवता आयुष्य जातं. मी धर्मगुरू नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. हे ठरवताना माझं काय चुकलं आणि काय थोडंफार उमगलं, तेवढंच सांगणार आहे.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात 'पाचारण' असा एक शब्द आहे. पाचारण म्हणजे बोलावणं. माझ्या लहानपणी 'त्याला पाचारण आहे' असं कोणाविषयी म्हटलं, की ऐकणाऱ्याला कळायचं, हा मुलगा पुढे फादर होणार, किंवा ही मुलगी सिस्टर होणार. ज्या घरातला मुलगा फादर झाला त्या घराला गावात मान असे.

मी चार वर्षांचा असताना आमच्या बावखलात पडलो. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. बागांना शिंपायला पाणी हवं, म्हणून पूर्वजांनी खणून ठेवलेलं. शेजारच्या काकांनी उडी मारून मला वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं, पुढे दोन दिवस फणफणून ताप. आईने देव्हाऱ्यातल्या मरियामातेपुढे गुडघे टेकले आणि नवस बोलली: "हा वाचला तर याला देवाला देईन."

मी वाचलो. त्या दिवसापासून माझं काय होणार हे ठरून गेलं. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी वर्गात खोडी काढली तरी मास्तर म्हणायचे, "अरे, तू तर पुढचा फादर, तुला हे शोभतं का?" मलाही त्याचं काही वाटत नसे. उलट अभिमानच वाटायचा. १९७२ साली अकरावी मॅट्रिक झालो आणि सेमिनरीत दाखल झालो. सेमिनरी म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं शिक्षण जिथे होतं ती जागा. आई पोचवायला आली होती. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. कर्ज फिटल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा झाला होता.

पहिली दोन वर्षं बरी गेली. अभ्यासात मी पुढे होतो. रोज सकाळी प्रार्थनेला बसलो, की म्हणायचो, "प्रभू, तू बोलावलंस, मी आलो." श्रोतेहो, मी ढोंग करत नव्हतो. मला खरोखरच तसं वाटत होतं. पण तिसऱ्या वर्षी झोप उडाली. डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी समजूत काढली, की हा सैतानाचा मोह आहे, आपण आणखी नेटाने प्रार्थना केली पाहिजे. केली. झोप आणखी उडाली.

तिथे आम्हाला आध्यात्मिक मार्गदर्शन करणारे एक वृद्ध फादर होते. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. म्हणून समोरचा बोलायला लागला, की ते मान वळवून उजवा कान पुढे करून बसत. एरवी लोक तोंडाकडे बघत ऐकतात. यांचा नुसता कानच समोर असायचा, त्यामुळे बोलणं सोपं जाई. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "मला शमुवेलाची गोष्ट सांग."

बायबलमधली ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. शमुवेल नावाचा मुलगा शिलोच्या मंदिरात एली नावाच्या वृद्ध याजकाजवळ सेवेला राहत असे. एका रात्री त्याला हाक ऐकू आली. तो उठून धावत एलीकडे गेला: "तुम्ही बोलावलंत?" एली म्हणाला, "नाही बाळा, जाऊन झोप." असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात आलं, की मुलाला देवच हाक मारतो आहे. त्याने सांगितलं, "पुन्हा हाक आली तर माझ्याकडे येऊ नकोस. प्रभू, बोल, मी ऐकतो आहे, असं म्हण." चौथ्यांदा हाक आली आणि शमुवेलाने तसंच केलं.

मी गोष्ट सांगून संपवली. फादर म्हणाले, "तू मधूनच सुरू केलीस. शमुवेलाला मंदिरात आणलं कोणी?"

"आईने. हन्नाने. तिला मूल होत नव्हतं, तिने नवस केला होता."

"आणि हाक कोणी मारली?"

"देवाने."

"म्हणजे आणणारी एक आणि हाक मारणारा दुसरा. आईने आणून सोडलं, म्हणून हाक ऐकू आली असं झालं नाही. त्याला ती वेगळी ऐकावी लागली. तुझ्या गोष्टीत आणणारी मला स्पष्ट दिसते आहे. हाक मारणारा अजून दिसलेला नाही. असेलही. आपण बघू."

इतकी वर्षं मी स्वतःला शमुवेल समजत आलो होतो, आणि हन्नाचा नवस आणि देवाची हाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं!

मग त्यांनी मला एक शंभर पानी वही आणायला सांगितली. रोज झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहायच्या. आज कशाने बरं वाटलं आणि ते बरं वाटणं रात्रीपर्यंत टिकलं का, ही पहिली ओळ. आज कशाने कोरडं वाटलं, ही दुसरी. कारणं लिहायची नाहीत, स्वतःला उपदेश करायचा नाही, आणि सहा महिने मागची पानं उलटायची नाहीत.

ही युक्ती फादरांची स्वतःची नव्हती. तिचं मूळ सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचं होतं. स्पेनमध्ये इग्नेशियस लोयोला नावाचा एक सरदारपुत्र होता. मोठा हौशी आणि मानाचा भुकेला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून राहण्याची वेळ आली. त्याने वाचायला शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होतं एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचं पुस्तक. नाइलाजाने तीच वाचली. पडल्या पडल्या तो मनोराज्यं करायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय पराक्रम गाजवू याची, तर कधी संतांसारखं खडतर आयुष्य कसं काढू याची. दोन्ही मनोराज्यांत तो रमून जायचा. पण हळूहळू त्याला एक फरक जाणवला. पहिलं मनोराज्य संपलं, की मन कोरडं आणि उदास व्हायचं. दुसरं संपल्यानंतरही आनंद मागे रेंगाळायचा. त्याच्या पुढच्या सगळ्या साधनेचा पाया एवढ्याशा निरीक्षणात आहे. गोड वाटणं हा पुरावा नाही. गोडवा ओसरल्यावर काय उरतं, ते बघायचं. याच इग्नेशियसने पुढे येशूसंघ स्थापन केला आणि त्याचा सोबती फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये गोव्यात येऊन पोचला.

सहा महिन्यांनी मी वही उघडली. गणिताचा माणूस, म्हणून ओळी मोजायलाच बसलो. बरं वाटून ते टिकल्याच्या नोंदी बहुतेक रविवारच्या होत्या. रविवारी दुपारी आम्ही काही जण जवळच्या वस्तीत कामगारांच्या मुलांना शिकवायला जात असू. एका रविवारची ओळ अशी होती: 'अपूर्णांक समजले. भाकरीचे तुकडे करून दाखवले. मुलाने उरलेली भाकरी खाल्ली.' रात्रीपर्यंत टिकलं का? टिकलं. आणि कोरडं वाटल्याच्या नोंदी? कोणी 'फादर' म्हणून हाक मारली तो दिवस. आमच्या गटाचं कौतुक झालं तो दिवस. आणि एक ओळ पुनःपुन्हा आली होती: 'आईचं पत्र आलं. छान वाटलं. झोप नाही.'

त्या रात्री मी चॅपेलमध्ये जाऊन बसलो. नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली, पण या वेळी 'मी तुला बोलावलंय' असं म्हणणारा जो आवाज माझ्या मनात होता, त्याचा सूर लक्ष देऊन ऐकला. तो सूर माझ्या ओळखीचा होता. संध्याकाळी केळीच्या बागेतून ऐकू यायचा तोच. शमुवेलाने देवाची हाक ऐकली आणि ती एलीची समजला. मी आईची हाक ऐकली आणि ती देवाची समजलो होतो. माझी आई वाईट नव्हती. तिच्या हाकेत प्रेम होतं, भीती होती, कृतज्ञता होती. पण ती हाक तिची होती.

मी फादरांना विचारलं, "मग मी जाऊ का?" ते म्हणाले, "ते मी सांगायचं नाही. मी सांगितलं तर आणखी एक आवाज वाढेल." त्यांनी मला तीन महिने थांबायला लावलं. तीन महिन्यांनंतरही जायचं हेच मनात टिकून राहिलं आणि ते मनात आलं की रात्री झोप लागायची. १९७६ मध्ये मी पेटी उचलून घरी आलो.

आई ओट्यावर बसून विड्याच्या पानांच्या जुड्या लावत होती. पेटी बघूनच तिला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "मग नवसाचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सात महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला साधा सर्दी-ताप आला तरी ती मेणबत्ती लावून रात्रभर बसून राहायची. दिलेली वस्तू परत घेतली, आता देव हिशेब चुकता करणार, हीच धास्ती तिला होती. गावात माझी ओळख 'माघारी आलेला' अशी झाली. लग्नाच्या बाजारात असल्या माणसाला किंमत नसते. मिस्साला मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचो.

त्या दिवसांत मला आधार दिला तो आमच्याच गावच्या, चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने. वसईत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते अनेकांना माहीत असेल. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. जन्म वसईचा, १५५६च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा उत्तम शिकले, धर्मशिक्षक म्हणून काम करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची फार इच्छा होती. तो मिळाला नाही. वर्षांमागून वर्षं गेली, तरी नाहीच. शेवटी ते बाहेर पडले आणि व्यापार करू लागले. व्यापारात जमही बसला. पण मन रमेना. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात त्यांना साधा ब्रदर म्हणून घेतलं गेलं. आणि मग त्या संघाला जपानला जायची वेळ आली, तेव्हा दुभाषा म्हणून कोण उपयोगी पडलं? गोन्सालोच. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत एकूण सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

लहानपणी आम्हाला त्यांच्या हौतात्म्याची गोष्ट सांगत. व्यापाराची वर्षं दोन वाक्यांत उरकत. सेमिनरी सोडून आल्यावर मात्र मला तीच वर्षं महत्त्वाची वाटू लागली. एक दार बंद झालं तेव्हा या माणसाला काय वाटलं असेल? आपण चुकीचं ऐकलं, असं वाटलं असेल का? पण नाकारलं जाण्याच्या वर्षांत शिकलेली भाषाच पुढे त्यांच्या कामी आली. हाक खरी होती, पण तिचा पत्ता त्यांना वाटला होता तो नव्हता.

मला शाळेत नोकरी मिळाली. पहिल्याच वर्षी नापासांच्या तुकडीला गणित शिकवायला मला दिलं. पुन्हा भाकरी कामी आली. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की पाचारण हा शब्द आपण फारच आखडून ठेवला आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने सांगितलं होतं, की पाचारण फक्त मठातल्यांना नसतं, कष्टकऱ्याचं रोजचं काम हेही देवाचं बोलावणंच आहे. आम्हा कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये जी शिकवण प्रसिद्ध केली, तिच्यातही पवित्रतेचं बोलावणं प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या वाडीपर्यंत ते यायला बरीच वर्षं लागली, एवढंच.

आई १९९४ मध्ये गेली. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. मध्येच तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "नवस मी बोलले होते. देवाने मागितलं नव्हतं."

अठरा वर्षं तो विषय आमच्या घरात निघाला नव्हता. मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला तेव्हा विचारलं असतं, तर तू हो म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो. तुझ्यासाठी."

"तेच," ती म्हणाली आणि पुन्हा पेज घेऊ लागली.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला शहाणपण आलं असं म्हणता आलं असतं. पण खरी परीक्षा पुढेच होती.

माझी मुलगी नर्सिंग शिकली. चांगल्या रुग्णालयात नोकरी लागली. २००५ मध्ये ती तेवीस वर्षांची असताना आम्ही तिच्यासाठी स्थळं बघायला लागलो होतो. एके रात्री जेवताना तिने सांगितलं, "बाबा, मला सिस्टर व्हायचंय." माझा घास हातातच राहिला. मी लगेच म्हटलं, "दोन वर्षं थांब. घाई करू नकोस. हाक कोणाची ते नीट पारखून घे." तिला वहीही आणून दिली. बोलणं किती शहाणपणाचं होतं पाहा! पण खरं सांगायचं तर मला तिने पारखावं असं वाटत नव्हतं, तिने विसरावं असं वाटत होतं. एकुलती एक मुलगी. तिने वर्षभर वही लिहिली, मी स्थळं आणत राहिलो.

शेवटी एक दिवस बायको मला म्हणाली, "तुमच्या आईने तुम्हाला आत ढकललं. तुम्ही हिला बाहेर ओढताय. फरक काय?"

त्या सुमारास मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचत होतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना जी हाक ऐकू आली ती लक्ष्मीबाईंना ऐकू आली नव्हती. त्यांच्या वाट्याला आला तो आकांत आणि ताटातूट. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपण झालो, असं त्यांनी केलं नाही. जातीभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतः विचार करून पटलं आणि मग त्या आपल्या पायांनी आपल्या निर्णयापर्यंत आल्या. त्या पुस्तकात हसू इतकं आहे, की त्यामागचं दुखणं चटकन दिसत नाही. या वेळी मला ते दिसलं. एकाला आलेली हाक घरातल्या दुसऱ्याला महाग पडते. आणि ज्याला महाग पडते त्याला ती खोटी वाटणं फार सोपं असतं.

मग मला शमुवेलाच्या गोष्टीचा शेवट आठवला. तो आपण मुलांना सहसा सांगत नाही. त्या रात्री देवाने शमुवेलाला जे सांगितलं ते एलीच्याच विरुद्ध होतं. एलीच्या मुलांनी पापं केली आणि त्याने त्यांना आवरलं नाही, म्हणून त्याच्या घराण्याला शिक्षा होणार होती. सकाळी मुलगा सांगायला घाबरत होता. एलीनेच त्याला आग्रह केला, की काही लपवू नकोस, सगळं सांग. आणि ऐकून घेतल्यावर त्याने ते देवाचं म्हणून स्वीकारलं. म्हातारा दुबळा होता, बाप म्हणून चुकला होता, डोळ्यांनी अधू झाला होता. पण ज्या आवाजात आपलं नुकसान आहे, तो आवाज ऐकायला त्याने मुलाला शिकवलं. आमच्या फादरांनीही तेच केलं होतं. सेमिनरीतला हुशार विद्यार्थी त्यांनी हातचा जाऊ दिला.

मी मुलीला म्हटलं, "वहीत काय निघालं?" ती म्हणाली, "तुम्ही विचाराल म्हणून वर्षभर थांबले होते." २००७ मध्ये ती गेली. आज पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात एका छोट्या आरोग्य केंद्रात काम करते.

गावातले लोक म्हणतात, "आजीचा नवस नातीने फेडला." ऐकायला छान वाटतं. मला ते पटत नाही. मी तिला एकदा विचारलंही. ती हसून म्हणाली, "आजीचं देणं आजीने केव्हाच फेडलं. मी माझ्या पायांनी आले."

दुसऱ्या एका वेळी मी तिला विचारलं, "तो आवाज अजून येतो का?" ती म्हणाली, "बहुतेक दिवस नाही. बहुतेक दिवस ताप, लसीकरण, बाळंतपणं, आणि पाऊस लागला की बंद पडणारा रस्ता." मला काळजी वाटली. पण मदर तेरेसांचंही असंच नव्हतं का? १९४६ च्या १० सप्टेंबरला दार्जिलिंगला जाताना रेल्वेत त्यांना गरिबांतल्या गरिबांसाठी बाहेर पडण्याचं बोलावणं जाणवलं. आर्चबिशपांनी त्यांना लगेच परवानगी दिली नाही, थांबायला लावलं. १९४८ मध्ये त्या कॉन्व्हेंटबाहेर पडल्या. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं, की पुढची कित्येक दशकं त्यांना आत नुसती शांतता आणि अंधारच जाणवत होता. तरी त्यांनी काम सोडलं नाही. हाक एकदा मारलेली असते. आई काही पोर घरी पोचेपर्यंत ओरडत राहत नाही. एकदा हाक मारते आणि चुलीकडे वळते. पोराने आपलं घराच्या दिशेने चालत राहायचं.

मग ऐकायचं कसं? 'देवाने मला सांगितलं' असं म्हणून लोकांवर हुकूम चालवणारी माणसं सगळ्याच धर्मांत असतात. म्हणून पारख हवी. गांधीजींनी १९३३ मध्ये एकवीस दिवसांचं उपोषण आतल्या आवाजाच्या आधारावर केलं. पण तो आवाज त्यांना स्वतः उपाशी राहायला सांगत होता, दुसऱ्याला उपाशी ठेवायला नव्हे. माझ्या पुरता मी एवढंच बघतो. जो आवाज घाई करतो, भीती घालतो, प्रश्न विचारू देत नाही, तो बहुधा माझा किंवा दुसऱ्या कोणाचा असतो. बायबलमधल्या एलीयाला होरेब डोंगरावर वाऱ्यात, भूकंपात आणि अग्नीत देव भेटला नाही, नंतरच्या अगदी मंद स्वरात भेटला. जो आवाज थांबायला तयार असतो, दुसऱ्या शहाण्या माणसापुढे मांडता येतो, आणि ज्याचं ऐकलं की आपल्या घरात आणखी चार माणसांना जागा होते, त्याच्याकडे मी कान देतो. तरीही चुकतो. म्हणून वही चालू आहे. आजवर किती वह्या झाल्या, ते गणिताच्या मास्तरांनीही मोजलेलं नाही.

आता आमच्या वाडीत संध्याकाळी हाका ऐकू येत नाहीत. बागा कमी झाल्या, बरीच बावखलं बुजली, तिथे इमारती आल्या. मुलांना बोलवायचं असलं की मोबाइल वाजतो आणि पडद्यावर नाव दिसतं. हाक कोणाची, हे आवाजावरून ओळखायची सवयच राहिली नाही.

तुमच्या घरात एखादं मूल असेल आणि तुम्ही त्याला सांगणार असाल, की तू अमुक व्हावंस अशी देवाची इच्छा आहे, तर बोलण्याआधी जरा थांबा आणि तो आवाज कोणाचा ते स्वतःशी ऐकून बघा. आणि मग त्या मुलालाही विचारा.